आयफोनवर बटण दिसत नाही, म्हणून क्षेत्र बदलायचं का?

प्रश्न : मॅडम, मी परभणीला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोंढ्यातल्या एका आडत दुकानाची वेबसाइट करून दिली. माझ्या लॅपटॉपवर एकदम भारी दिसते. पण मालकांच्या मुलाच्या आयफोनवर खालचं ‘भाव विचारा’ बटण दिसतच नाही, आणि आवकेच्या तारखेच्या जागी ‘इनव्हॅलिड डेट’ येतं. त्यानं आयफोनवर क्रोम टाकून पाहिलं, तरी तेच. मुनीमजींच्या जुन्या फोनवर सगळे चौकोन एकमेकांना चिकटतात. एकीकडे नीट केलं की दुसरीकडे बिघडतं. मालकांनी उरलेले पैसे थांबवलेत. मला या कामाचा वीट आला आहे. क्लासवाले म्हणतात, डेटा सायन्स कर. फीसाठी पप्पा राखून ठेवलेलं सोयाबीन विकायला तयार आहेत. काय करू?

उत्तर : पप्पांना सोयाबीन विकू देऊ नकोस. निदान या कारणासाठी तरी नको.

समुपदेशनात येण्याआधी मी हेच काम करत होते, त्यामुळे तुझं पत्र वाचताना जुने दिवस आठवले. तू तीन बिघाड लिहिलेस आणि तिन्हींना मिळून ‘ब्राउझरचा ताप’ म्हणून मोकळी झालीस. गोची तिथेच आहे. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि वेगळी करून पाहिली तर एकेक तासाभराचं काम आहे.

आधी बटण. तू पानाची उंची १०० व्हीएच दिली असणार, म्हणजे पूर्ण स्क्रीनभर. आयफोनची सफारी (ॲपलचा स्वतःचा ब्राउझर) ही उंची मोजताना वेबसाइटच्या पत्त्याची पट्टी आक्रसलेली आहे असं धरते. पान उघडतं तेव्हा मात्र पट्टी पूर्ण पसरलेली असते, आणि तळाचं बटण तिच्या मागे जातं. २०२२ मध्ये सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम तिन्हींत डीव्हीएच हे माप आलं. ते पट्टीप्रमाणे कमीजास्त होतं. आधी व्हीएचची ओळ लिही, तिच्याखाली डीव्हीएचची. ज्या ब्राउझरला दुसरी ओळ कळत नाही तो ती मुकाट्यानं सोडून देतो आणि पहिलीवर भागवतो.

तारखेचं तर त्याहून सोपं. दिवस आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडून तारीख लिहिली तर क्रोम ती चालवून घेतो. सफारीनं बरीच वर्षं ती नाकारली. मध्ये इंग्रजी ‘टी’ अक्षर घाल. जावास्क्रिप्टच्या नियमात तोच नमुना पक्का ठरलेला आहे. बाकीचे नमुने ब्राउझरच्या मर्जीवर सोडलेत. चूक सफारीची नव्हती, क्रोम तुझे लाड करत होता.

आणि मुनीमजींचा फोन. चौकोन ओळीत मांडणाऱ्या फ्लेक्सबॉक्समधला ‘गॅप’, म्हणजे त्यांच्यात अंतर ठेवायची सोय, क्रोममध्ये २०२० साली आला, सफारीत २०२१ मध्ये. फोनमध्ये जागा नाही म्हणून ॲप अपडेट न करणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी मार्जिन, म्हणजे प्रत्येक चौकोनाभोवतीची मोकळी जागा, वापर, झालं.

आयफोनवर क्रोम टाकूनही फरक पडला नाही, याचं आश्चर्य वाटायला नको. ॲपलच्या नियमानं आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरला आतून सफारीचंच इंजिन (कोड वाचून पान रंगवणारा भाग), म्हणजे वेबकिट, वापरावं लागतं. युरोपीय संघात २०२४ पासून सूट मिळाली आहे; परभणीत नाही. तेव्हा नावं कितीही असली तरी तुला सांभाळायची इंजिनं तीनच : क्रोम, एज, ऑपेरा यांचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. त्यातलं ब्लिंकसुद्धा २०१३ साली वेबकिटमधूनच फुटून निघालेलं.

आमच्या वेळी काय होतं ते ऐक, म्हणजे जरा बरं वाटेल. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. मधली पाच वर्षं, आणि नंतरचीही कितीतरी, आम्ही एकाच साइटसाठी दोन-दोन स्टाइलशीट, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या फाइली, लिहीत बसायचो : एक एक्सप्लोररसाठी, एक बाकीच्यांसाठी. मायक्रोसॉफ्टनं त्या ब्राउझरची अकरावी आणि शेवटची आवृत्ती जून २०२२ मध्ये निवृत्त केली. आता ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि फायरफॉक्सवाले मोझिला दरवर्षी ‘इंटरऑप’ या उपक्रमात बसून कुठल्या गोष्टी सगळीकडे सारख्या चालायला हव्यात ते ठरवतात. ‘बेसलाइन’ नावाची खूणही आहे : एखादी सोय सगळ्या मुख्य ब्राउझरांत येऊन ३० महिने झाले की ती ‘सर्वत्र उपलब्ध’ धरतात. मोंढ्यातल्या गिऱ्हाइकासाठी तू ती खूण बघूनच सोयी निवड. नव्या नवलाईच्या गोष्टी स्वतःच्या साइटवर करून बघ.

आणखी एक. सगळ्या फोनवर साइट हुबेहूब सारखी दिसली पाहिजे हा हट्ट सोडून दे. मुनीमजींच्या फोनवर बटणाला सावली आली नाही तर कोण विचारतंय? तुरीचा भाव दिसला पाहिजे, बटण दाबलं गेलं पाहिजे. कॉलेजात प्रोजेक्टला मार्क देताना हे कुणी सांगत नाही. तिथे परीक्षकाच्या एका कॉम्प्युटरवर दिसलं की संपलं.

आता तुझ्याकडे आयफोन नाही, मग तपासायचं कसं? प्लेराइट हे फुकट साधन विंडोजवर टाक. त्यात क्रोमियम (क्रोमचं मूळ रूप), फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही चालतात. त्यातलं वेबकिट म्हणजे अस्सल आयफोन नव्हे, आणि ती पट्टीची भानगड त्यात दिसणारही नाही, पण इंजिनामुळे होणाऱ्या पुष्कळ चुका तिथेच सापडतात. उरलेलं खऱ्या फोनवर बघ. मैत्रिणीचा दहा मिनिटं मागून घे.

या डोकेदुखीवरच ब्राउझरस्टॅक ही कंपनी उभी आहे. मुंबई आयआयटीत शिकलेल्या दोघांनी ती २०११ मध्ये काढली. ती खरे फोन आणि ब्राउझर दूरवरून तपासायला भाड्यानं देते, आणि जगभरच्या कंपन्या तिला पैसे मोजतात. ज्या कामाचा तुला वीट आलाय, त्याला बाजारात किंमत आहे ती अशी. पुण्यातल्या मुलाखतीत फ्रंट-एंडसाठी, म्हणजे साइटचा दिसणारा भाग करण्याच्या कामासाठी, येणाऱ्या बहुतेक मुलांकडे टेम्प्लेटवरून केलेल्या साइट असतात. तू जर एका पानावर लिहून नेलंस की कोणत्या फोनवर काय बिघडलं, कारण काय निघालं आणि काय बदललं, तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसेल. टेस्टिंगच्या जागांसाठीही हाच कागद चालतो.

पैशांचं म्हणशील तर मालकांवर चिडू नकोस. तूही आधी बोलली नव्हतीस. यापुढे कोटेशनमध्येच लिहीत जा : कोणत्या ब्राउझरच्या कितव्या आवृत्तीपर्यंत साइट तपासून देणार, आणि त्यापलीकडे लागलं तर वेगळे पैसे. दुकानात येणाऱ्या पाच-दहा शेतकऱ्यांचे फोन बघितले तरी यादी तयार होते. या वेळी मात्र तिन्ही दुरुस्त्या करून दे, त्यांच्यासमोर दोन्ही फोनवर उघडून दाखव आणि तिथल्या तिथे उरलेले पैसे माग. भिडेपोटी ‘नंतर द्या काका’ म्हणू नकोस.

डेटा सायन्स वाईट नाही. पण वैताग टाळायला तिकडे जाणार असशील तर तिथेही एका फाईलमध्ये तारीख एका पद्धतीनं, दुसरीत दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेलीच मिळेल. संख्याशास्त्राच्या पेपरात मन रमत असेल तर जरूर विचार कर. क्लासवाल्यांच्या फलकावरून ठरवू नकोस. आधी या तीन दुरुस्त्या कर आणि स्वतःला विचार : कारण सापडलं तेव्हा मजा आली का? आली असेल तर इथेच थांब. कारण सापडूनही ‘कटकट गेली एकदाची’ एवढंच वाटलं, तर क्षेत्र बदलायला हरकत नाही, आणि मग आपण पुन्हा बोलू.

जाता जाता : पत्रात दिलेली लिंक मी उघडून पाहिली. दुकानाचा फोन नंबर तू वरच्या चित्रातच टाकलायस, त्यामुळे तो दाबून कॉल लावता येत नाही. बहुधा मराठी अक्षरं सुटी दिसत होती म्हणून तू सगळं चित्रात घातलंस. ती फॉन्टची चूक नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की देवनागरीची शिरोरेषा तुटते. ते लेटर-स्पेसिंग शून्य कर, नाव आणि नंबर मजकूर म्हणून लिही आणि नंबराला कॉलची लिंक दे.