कॅफे-बारमध्ये जेवताना तळणीचे तेल विचारा

सीलिएकचे, म्हणजे ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचे, निदान नुकतेच झाले असून मैत्रिणींसोबत घराजवळच्या कॅफे-बारमध्ये दुपारी जेवायला जायचे आहे, तेथे नेमके काय विचारावे, हा आपला प्रश्न वाचला आणि माझे पहिले वर्ष आठवले. ग्लूटेन हे प्रथिन असलेली गहू, जव आणि राय ही धान्ये टाळायची, हे आपल्याला ठाऊकच असेल.

माझी चूक प्रश्नातच होती. ऐन गर्दीत, दोन टेबलांच्या मध्ये घाईने उभ्या असलेल्या वेटरला मी 'या तळलेल्या बटाट्यांत गहू आहे का?' एवढेच विचारले आणि त्याने 'नाही' म्हणून सांगितले, जे खरेच होते. मात्र त्याच तेलात पावाचा चुरा लावलेले पदार्थही तळले जात होते. एका फोडीला चिकटलेला तांबूस चुरा मला दिसला; तो मी कागदी रुमालाने पुसून टाकला आणि सगळी प्लेट संपवली. तळल्याने ग्लूटेन नाहीसे होत नाही, हे तेव्हा ध्यानातच आले नाही. पुढचे तीन दिवस अंथरुणात गेले. व्यवस्थापनाला सविस्तर लिहिले, तर 'पदार्थात गहू नाही' एवढेच उत्तर आले. तेलाबद्दल पुन्हा विचारले, तेव्हाही तीच ओळ. विचारलेले कोणी वाचतच नाही, याचा मनस्ताप मला आजारपणापेक्षा अधिक झाला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की गर्दी सुरू होण्याच्या तासभर आधी फोन करून थेट स्वयंपाकघरातील माणसाशी बोलावे आणि तळणीचे तेल, सुरी व चिरण्याची फळी वेगळे आहेत का, हे विचारावे. मेनूवरील 'ग्लूटेन-मुक्त' या शब्दांवर मी विसंबत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन असलेल्या अन्नाला तसे म्हणता येते, पण ऐन गर्दीत भरलेली प्लेट कोणी मोजून पाहत नाही.

बिअर बहुधा जवाच्या माल्टची असते, हेही लक्षात असू द्यावे. कॉफीत ओटचे दूध घेत असाल तर ते ग्लूटेन-मुक्त ओटचे आहे का, ते पाहावे, कारण ओटमध्ये शेतात किंवा गिरणीत गहू मिसळलेला असू शकतो. मी डॉक्टर नाही. आपल्याला काय चालते, हे आहारतज्ज्ञांनाच विचारावे.

तेलाबद्दल 'बहुतेक वेगळे असावे' असे उत्तर मिळाले, तर तळलेले काहीही मागवू नये.