वागेनिंगेनला निघालेल्या घाटंजीच्या पोरासाठी

तू विचारलंस, "दादा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी झाली, आता एमएस्सीला नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनला येतोय. तिथले लोक अनोळखी माणसाशी बोलतच नाहीत म्हणे. मग दोन वर्षं घरच्यांशी फोनवर बोलूनच काढायची का?" व्हिसा, विमा, बँक यांची यादी विद्यापीठच पाठवतं, ती पाळ म्हणजे झालं. मी या प्रश्नाचंच लिहितो.

बोलतात रे, पण त्यांची रीत वेगळी. आपल्याकडे यवतमाळ-दारव्हा एसटीत "कोन्या गावचे जी?" पासून सुरुवात होते आणि लाडखेड येईस्तोवर जमीन किती, पऱ्हाटी कशी आहे, पोरीचं कुठं जमलं, सगळं निघतं. इथं गाव, घराणं आणि पगार यांना पहिल्या भेटीत हात लावायचा नाही. समोर दिसतं त्यावर बोल: पाऊस, उशिरा आलेली बस, त्याचा कुत्रा. कुत्र्याचं नाव विचारलंस की पाच मिनिटं गेलीच समज. वागेनिंगेनला रेल्वे स्टेशन नाही, एडे-वागेनिंगेनला उतरून बस धरावी लागते. त्या बसच्या ड्रायव्हरला चढताना नमस्कार कर, उतरताना 'दांक यू वेल' (धन्यवाद) म्हण. इथं तशी पद्धतच आहे. रेल्वेच्या काही डब्यांच्या काचेवर मात्र 'स्टिल्टे' म्हणजे शांतता असं लिहिलेलं असतं, तिथं तोंड बंद.

समोरच्याला त्रास होईल या धाकानं आपण गप्प बसतो. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोन संशोधकांनी शिकागोच्या लोकल आणि बसमधल्या प्रवाशांवर याचे प्रयोग केले, ते 2014 साली छापून आले. काहींना शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोललेल्यांचा प्रवास जास्त मजेत गेला. गंमत म्हणजे, ज्यांना नुसतं 'तुम्हाला काय वाटतं' विचारलं, त्यांचा अंदाज नेमका उलटा होता.

नेदरलँड्समध्ये तर युम्बो सुपरमार्केटनं 2019 साली व्लाइमेन गावात 'क्लेट्सकासा' काढला, म्हणजे गप्पांचं काउंटर. ज्याला घाई नाही त्यानं त्या रांगेत उभं राहायचं आणि बिल होईस्तोवर बोलायचं. एकटी पडलेली म्हातारी माणसं डोळ्यासमोर ठेवून हे सुरू झालं. मला आधी हसूच आलं. आपल्या किराणा दुकानात बिनगप्पांचं काउंटर कधी पाहिलंस? पण मागच्या खेपेला यवतमाळच्या स्टँडवर एका पोराला "कुठचा रे?" विचारलं, तर त्यानं कानातलं काढलं, "काय?" म्हणाला आणि उत्तर न देता परत घातलं. आपल्यालाही असं काउंटर लागेल बहुतेक.

तू शेतीवाला आहेस, म्हणून तुला खास सांगतो: 'फोल्क्सटाउन' शोध. भाजीपाल्याचे छोटे तुकडे भाड्यानं मिळतात. बऱ्याच ठिकाणी वेटिंग असतं, तोवर कुणाच्या तरी तुकड्यावर निंदायला जा. माझ्या शेजारच्या तुकड्यावर सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आहेत. एप्रिलात छान ऊन पडलं होतं, मी मिरचीची रोपं बाहेर काढली. आजोबा कुंपणाशी आले, मान हलवली, मातीचं ढेकूळ उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. गारढोण. "एइसहेयलिखन," म्हणाले, म्हणजे 'बर्फाचे संत'. मेच्या 11 तारखेपासून काही संतांचे दिवस येतात, ते सरेपर्यंत इथं नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत, रात्रीच्या हिवानं जातात. मी त्यांना मृगाचं सांगितलं, 7-8 जूनला लागतो, त्याआधी धूळपेरणी करणाऱ्याचा कसा जुगार असतो ते. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझं डच त्याहून तोडकं. तरी अंधार पडेस्तोवर बोललो. वाचनालयातल्या 'तालकाफे'त, म्हणजे डच बोलायच्या सरावाच्या बैठकीत, त्यांनीच मला धाडलं, डच तिथंच सुधारलं.

मराठी मंडळात दिवाळीला जा, पुरणपोळी खा, पण तिथंच तळ ठोकू नको. बोलायचं सगळ्यांशी, पैसे मात्र कुणाला द्यायचे नाहीत. खोल्यांची इथं मारामार आहे, न पाहिलेल्या खोलीचं डिपॉझिट मागणारे ऑनलाइन भरपूर भेटतील.

आणि आईनं मेथीचं बी बांधून दिलं तर आणू नको. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात लावायच्या बियाण्याला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली डचांची जुनी वसाहत, तिथून आलेल्यांच्या इथल्या सुरिनामी दुकानात मेथीदाणा मिळतो. दुकानदार हिंदुस्तानी, म्हणजे भारतीय वंशाचा सुरिनामी निघाला, तर त्याचे पूर्वज 1873 पासून पुढे कधीतरी कलकत्त्याहून मजुरीला जहाजानं सुरिनामला गेलेले असणार. त्याला मात्र "कोन्या गावचे जी?" खुशाल विचार. तासभर तरी काढूनच जा.