पॉइंट २२ ला मझल ब्रेक कशाला?

अरे, रायफलीच्या नळीच्या तोंडावर बसवून, वायू बाजूला वळवून धक्का कमी करणाऱ्या त्या ब्रेकचा नाद सोड. पॉइंट २२ रायफलीची ४० ग्रेनची गोळी, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम, अन् चिमूटभर बंदुकीची दारू. नळीच्या तोंडाशी येईस्तोवर वायूचा जोर ओसरलेला असतो, ब्रेकनं वळवायचं काय? धक्काच नाही मुळी. फक्त आवाज बाजूला फेकला जातो, शेजारच्या लेनवरच्या पोराच्या कानात.

लातूरला एकाच्या रायफलीचा ब्रेक हातात घेऊन पाहिला. किंचित वाकडा बसलेला, आतल्या कडेला शिशाची राखाडी रेघ. गोळी घासूनच बाहेर पडायची! अन् आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या, नियमात रायफलला ब्रेक चालतच नाही.

तेच पैसे एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, काडतुसांना घाल. ५० मीटरवरच्या रायफल लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, तिथं काडतुसातला फरक लगेच दिसतो.