पदवी आणि उमेदवारी एकत्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या संलग्न महाविद्यालयात लॉजिस्टिक्सची तीन वर्षांची पदवी शिकाऊ उमेदवारीसह सुरू करायची आहे. औद्योगिक वसाहतीतले दोन कारखाने मुलं घ्यायला तयार आहेत. पुढे काय?
– एक प्राचार्य, नाशिक जिल्हा

उत्तर : कारखान्यांशी करार करण्याची घाई नको. आधी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची आणि विद्या परिषदेची मंजुरी घ्या. नाहीतर मुलं सहा महिने राबतील आणि गुणपत्रिकेत त्याचं क्रेडिट (श्रेयांक) कुठे दाखवायचं, हा प्रश्न उरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2025च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांच्या पदवीत उमेदवारी किमान एक, जास्तीत जास्त तीन सत्रं ठेवता येते. वर्षभराच्या उमेदवारीला किमान 40 क्रेडिट, म्हणजे सत्राला 20.

घोडं पेंड खातं ते या 20 क्रेडिटमध्ये काय शिकवायचं, यावर. करारात नुसतं ‘गोदामातील प्रशिक्षण’ लिहिलंत तर मुलगा सहा महिने खोक्यांवर लेबलं चिकटवत बसतो. कामं नावानिशी लिहा : आलेला माल चलनाशी ताडून पाहणं, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करणं, साठ्याची मोजणी, ई-वे बिल (मालवाहतुकीचं जीएसटी कागदपत्र), गाड्यांचं नियोजन. दर पाच-सहा आठवड्यांनी विभाग बदला. गुण कोण देणार, कंपनीचा सुपरवायझर किती आणि तुमचे प्राध्यापक किती, हे त्या सुपरवायझरलाही पहिल्याच दिवशी माहीत हवं. बहुतेक ठिकाणी ते फक्त एचआरला ठाऊक असतं!

विद्यार्थी, कंपनी आणि महाविद्यालय यांचा करार मुलं रुजू होण्याआधी नॅट्स (केंद्र सरकारची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना) पोर्टलवर नोंदवा. आपल्याकडे हे काम मुंबईचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहतं. आधारवरचं नाव आणि महाविद्यालयातलं नाव आत्ताच जुळवून घ्या, खातं आधारशी जोडलंय का तेही तपासा. विद्यावेतन अडकतं ते बहुधा इथेच.

प्रश्न : माझ्याकडे कंत्राटी धरून 40 माणसं आहेत. किती उमेदवार घेता येतील? पीएफ लागू होतो का? उद्या कायम करा म्हणाले तर?
– एक लघुउद्योजक, चाकण

उत्तर : मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के, म्हणजे तुमच्याकडे एक ते सहा. 30 किंवा अधिक माणसं असली की उमेदवार घेणं बंधनकारक. 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. 2019च्या नियमदुरुस्तीत पदवी उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये ठरलं. नॅट्समध्ये त्यातले निम्मे सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. चालू दर पोर्टलवर पाहूनच आकडा लिहा.

1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवार कामगार ठरत नाही. त्यामुळे पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही आणि कायम करण्याची सक्तीही नाही. अपघात झाला तर भरपाई मात्र तुमच्यावर. आणि हे सगळं संरक्षण करार नोंदवलेला असेल तरच. दिवाळीच्या ऑर्डरी आल्या म्हणून परस्पर ओव्हरटाइम लावू नका. त्याला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) मंजुरी लागते.