बांबूचं घर, एफडी आणि बायकोचं सोनं

पाटण तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न आहे. वय ५४, नोकरी २००५ च्या आधीची, म्हणजे जुनी पेन्शन. गावठाणात स्वतःच्या नावावर जागा आहे. हजार चौरस फुटांचं घर आरसीसीत २७ लाख, तर बांबूचा सांगाडा, कुडाच्या (म्हणजे कामट्यांच्या विणीवर माती लिंपलेल्या) भिंती आणि चुन्याचा गिलावा केला तर २२ लाख, असं ठेकेदार म्हणतो. बँकेच्या शाखेत ‘कच्च्या बांधकामाला कर्ज नाही’ असं तोंडी ऐकवलं. म्हणून १८ लाखांची एफडी मोडायची आणि उरलेल्या चार लाखांसाठी पत्नीचं सोनं तारण ठेवायचं, असा विचार आहे. मुलीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं बाकी आहेत.

गुरुजी, आधी त्या पाच लाखांच्या बचतीबद्दल बोलू. पाया, जोतं, फरशी, वायरिंग, नळजोडणी, संडास-बाथरूम यांचा खर्च दोन्ही घरांत जवळपास सारखाच. फरक पडतो तो भिंती आणि छपरात. तुमच्याकडचा पाऊस पाहता कुडाला दरवर्षी हात फिरवावा लागणार, चुना लावावा लागणार, वाळवीवर लक्ष ठेवावं लागणार. त्यासाठी आरसीसीपेक्षा वर्षाला २५ हजार जास्त धरले (हा माझा अंदाज), तर वीस वर्षांत पाच लाख तिथेच गेले. तेव्हा स्वस्त पडतं म्हणून बांबू घेऊ नका. आवडतो म्हणून जरूर घ्या. तुमच्या भागात त्याला एक भक्कम कारणही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात जड दगडमातीच्या घरांनी काय केलं, ते घरातल्या थोरल्यांनी सांगितलंच असेल. नीट बांधलेला हलका सांगाडा अशा हादऱ्यात बराच सुरक्षित असतो.

मला खरी चिंता आहे ती कागदांची. घराच्या विमा पॉलिसीत, अगदी ‘भारत गृह रक्षा’तसुद्धा, बांबूच्या भिंती किंवा छप्पर असलेलं बांधकाम ‘कच्चं’ या व्याख्येत बसतं. मग विमा कंपनी आढेवेढे घेते आणि बँकेलाही तारण कमकुवत वाटतं. उद्या विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईकाला कर्ज मिळण्यातही हीच अडचण.

म्हणून मी मधला मार्ग सुचवतो. आरसीसी जोतं, बाहेरच्या भिंती विटांच्या, त्यांना भूकंपाचे आरसीसी पट्टे, वर प्रक्रिया केलेल्या बांबूच्या कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौलं. कुड आतल्या आडभिंतींना. छपराचं डिझाइन आयएस १५९१२ या भारतीय मानकाप्रमाणे करून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा दाखला घ्या. मंजूर नकाशासह तो बँकेच्या जिल्हा पातळीवरच्या गृहकर्ज विभागात द्या आणि काय ते उत्तर लेखी मागा. विमा कंपनीकडूनही लेखीच घ्या, कारण कैच्या बांबूच्या असल्या तरी छप्पर कौलारू आहे, हे त्यांनी मान्य करायला हवं.

अशा घराचा खर्च २४ लाख धरू. एफडीतले सहा लाख मुलीची फी आणि अडीअडचणीसाठी तसेच ठेवा. १२ लाख घराला लावा आणि १२ लाखांचं गृहकर्ज काढा. साडेआठ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी हप्ता साधारण १४,९०० रुपये येतो. पगारातून तो झेपेल, आणि निवृत्तीला ग्रॅच्युइटी मिळाली की मुद्दल फेडून टाका. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. सोनं कपाटातच राहू द्या. दोन वर्षांत एखादं सत्र अडलं, तर शेवटचा आधार तोच आहे.

पैसे कधी द्यायचे, तेही ठरवून घ्या. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडतात. तेव्हा त्यात साखर-पिष्ट कमी असतं आणि भुंगा कमी लागतो. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू तोडून, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून वाळवायला वेळ लागतो. म्हणजे जोतं होण्याआधीच ठेकेदार मोठी उचल मागणार. बँक मात्र बांधकामाचा टप्पा पाहिल्याशिवाय कर्जाची रक्कम सोडत नाही. ती उचल एफडीतूनच द्यावी लागेल, पण एकरकमी देऊ नका. तोड, प्रक्रिया आणि माल जागेवर, असे तीन भाग पाडा. प्रक्रिया स्वतः जाऊन पाहा. ‘आमचा बांबू वर्षभर टिकलाय’ हे ऐकून भागत नाही, कारण भुंग्याने पोखरून बांबूचं पीठ पडायला लागतं तोवर ठेकेदार दुसऱ्या गावात असतो.

अजून एक. खासगी जमिनीतल्या बांबूची तोड आणि वाहतूक २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर सोपी झाली आहे. कुडासाठी वापरतात त्या कारवीचं, म्हणजे डोंगरातल्या झुडपाच्या काठ्यांचं, तसं नाही. ‘डोंगरातून आणून देतो’ असं कोणी म्हणालं आणि ती वनखात्याच्या जंगलातली निघाली, तर पंचाईत तुमची. सरकारी नोकरीत असताना हा ताप नको. कुडाला बांबूच्या कामट्या वापरा आणि माल कुठून घेतला त्याची पावती कर्जाच्या फायलीत लावा.