टसर पतंगाचा कोश घरी ठेवायचा असेल तर

सोलापूरच्या माळावर बोरीची पानं झडली की टसर या रानटी रेशीम पतंगाचा कोश सहज दिसतो: करडा, टणक, देठाच्या कड्याने फांदीला लटकलेला. वरच्या टोकाला भोक असेल तर रिकामा. हलका असून खुळखुळला तर आतला जीव बहुधा मेलेला. जिवंत कोश हाताला जड लागतो. वनखात्याच्या वनविहारातून मात्र उचलू नका, बांधावरच्या बोरीवरून घ्या.

फांदीसकट कापा आणि जाळीच्या पिंजऱ्यात सावलीला टांगा. काचेची बरणी नकोच! पतंग बाहेर पडल्यावर कशाला तरी लटकूनच पंख पसरवतो. काचेवर पाय घसरले की पंख कायमचे चुरगळतात. पाऊस सुरू झाल्यावर अधूनमधून पाणी शिंपडा. खाऊ ठेवू नका, प्रौढ पतंग खातच नाही. मादी निघाली तर रात्री पिंजरा अंगणात ठेवा, तिच्या गंधावर नर येतात.