देवळातल्या लॅपटॉपवरचं भजन समाजमंदिरातल्या लिनक्स पीसीवर उशिरा आणि खरखरत का येतं?

भाऊ, तुम्ही वायफायवरून पल्सऑडिओचं (लिनक्सवर आवाज हाताळणारं सॉफ्टवेअर) आरटीपी मल्टिकास्ट वापरता, म्हणजे एकच आवाज नेटवर्कवरच्या अनेकांना एकदम पाठवता. खरखर तिथंच आहे. वायफायवर मल्टिकास्टची पोच घेतली जात नाही, हरवलेलं पॅकेट पुन्हा येत नाही, आणि राउटर ते सहसा सगळ्यात कमी वेगानं पाठवतो. महागडा इंटरनेट प्लॅन घेऊ नका. 48,000 हर्ट्झ, 16 बिट स्टिरिओला सेकंदाला जेमतेम दीड मेगाबिट लागतात, तेही गावातल्या गावात.

मल्टिकास्ट बंद करा. पीसीवर पल्सऑडिओचं नेटिव्ह टीसीपी मॉड्यूल (नेटवर्कवरून थेट आवाज घेणारा भाग) सुरू करा (पोर्ट 4713), आणि लॅपटॉपवर पीसीच्या पत्त्याचा टनेल सिंक, म्हणजे आवाज त्या पीसीकडं पाठवणारं आउटपुट, लावा. त्याहून चांगलं म्हणजे लॅनची तार, 100 मीटरच्या आत. आमच्याकडं यवतमाळ जिल्ह्यात सामुदायिक प्रार्थनेसाठी तारच टाकली, तेव्हा कुठं खंजिरी स्वच्छ ऐकू आली. मात्र विजा कडाडू लागल्या की दोन्ही टोकं काढून ठेवा, हे विसरू नका.

उशीर बफरमुळं होतो, म्हणजे वाजण्याआधी साठवून ठेवलेल्या आवाजामुळं. 100 मिलिसेकंदांपासून कमी करत जा, आवाज तुटला की एक पायरी वर. दोन्हीकडं सॅम्पल रेट 48,000 हर्ट्झच ठेवा.

मोठ्या आवाजातच फाटत असेल, तर लॅपटॉपचा व्हॉल्यूम 100 टक्क्यांच्या पुढं गेलाय का ते बघा. तो खाली आणा, अँप्लिफायर वाढवा.